श्यामचे भय

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मराठी माणूस जिथे गेला तिथे हे पुस्तकही गेले. जबलपूरच्या चेरीतालसारख्या वस्तीत, जिथे शाळा हिंदी आणि घर मराठी, तिथे ते मुलाच्या हाती देताना आईबापांचा हेतू बहुधा दुहेरी असतो: भाषा टिकावी आणि मूल आज्ञेत राहावे. पहिल्या हेतूविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. दुसऱ्याने मात्र पुस्तकावर अन्याय होतो.

पोहण्याचा प्रसंग पाहावा. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला मारून विहिरीवर धाडते. येथेच थांबणारा वाचक म्हणेल, धाकाने भय जाते. परंतु श्याम परतल्यावर तीच आई त्याला जवळ घेते, समजूत घालते, दही देते. आमच्या मते प्रसंगाचा प्राण मारात नसून या जवळ घेण्यात आहे. माराचे समर्थन आज कोणी करू नये. पण परतून आलेल्या मुलाला दार उघडे सापडते, हे त्या प्रसंगाचे मर्म आहे.

जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालातून आणि पुढील ग्रंथांतून हाच विचार शास्त्राच्या भाषेत मांडला. मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातील मायलेकरांचे निरीक्षण करून दाखविले की, आईच्या आधाराची खात्री असलेले मूल तिच्यापासून दूर जाऊन जग पाहते. जवळ केले जाईल की झिडकारले जाईल हेच ज्याला उमगत नाही, ते मूल सदैव सावध राहते. अशा मुलांत पुढे चिंतेचा विकार जडण्याचा धोका काहीसा अधिक आढळतो. उपजत स्वभावाचाही यात वाटा असतोच. म्हणून सारा दोष आईच्या माथी मारणे शास्त्राला धरून नाही.

‘श्यामची आई’त एक उणीव मात्र आहे. कथा सांगणारा श्याम प्रौढ आहे, मातृवियोगाने व्याकूळ आहे. त्यामुळे मुलाचे भय पुरते बोलू लागण्यापूर्वीच बोध पुढे येतो. याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पाहावीत. १८५७ च्या बंडात आईच्या वडिलांना फाशी झाली, त्या धक्क्याने आपल्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, आणि बापाचे भय घरभर कसे पसरले, हे त्या हसतहसत सांगतात. बोधाचे एक वाक्यही जोडत नाहीत. भय आईबापांकडून मुलाकडे कसे उतरते, हे तिथे अधिक स्वच्छ दिसते.

राणी दुर्गावतीच्या दासीने, म्हणजे चेरीने, तलाव बांधविला म्हणून चेरीताल, अशी आख्यायिका आहे. तलाव बुजला, वस्ती उरली. श्यामच्या घरी दूर्वांची आजी होती. परप्रांतातील चौकोनी कुटुंबात आधाराचे सारे ओझे दोघांवर, पुष्कळदा एकट्या आईवर येते. अशा घरात ‘श्यामची आई’ अवश्य वाचली जावी, पण आधी आईबापांनी. आणि मुलाने कसे वागावे यासाठी नव्हे, तर भ्यालेले मूल परत आले म्हणजे आपण काय करावे, हे कळावे म्हणून.