वाड्यातले अश्रू

हिवाळ्यात दिवेलागण झाली की गोधडीत पाय घालून ऐतिहासिक कादंबरी वाचावी, हे सुख मीही घेतले आहे. बी.ए.ला असताना वसतिगृहात रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) दोन रात्रींत वाचली. थेऊरला क्षयाने खंगत १७७२ साली गेलेला तरुण पेशवा माधवराव आणि त्याच्यामागे सती गेलेली रमाबाई, यांच्यासाठी रडलोही. त्या अश्रूंची मला लाज वाटत नाही. पण आज हेच वाङ्मय वर्गात शिकवताना त्यांचा हिशेब मागावासा वाटतो.

माझे आजोबा गावचे येसकर. पौषाच्या थंडीत ते वेशीत शेकोटी करून जागल करीत. त्यांचा नातू कादंबरीचे बोट धरून थेट पेशव्यांच्या महालात गेला. आजोबा मात्र वेशीतच राहिले. वाचताना हे माझ्या ध्यानातही आले नाही. अशा कादंबरीचे सामर्थ्य यात आहे आणि धोकाही यातच आहे.

आपली प्रस्थापित समीक्षा ‘सत्य किती, कल्पित किती’ एवढे मोजून थांबते. तिथी जुळल्या, भाषा दरबारी साधली, की झाले. पण इतिहास कोणाच्या डोळ्यांनी पाहिला, हा प्रश्न तिला पडत नाही. फुले दाम्पत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू आणि त्याच्या शिराचा चेंडू करून खेळत, असे तिने लिहिले आहे. माधवरावाचा काळ त्याच्या आधीचा. हे पाप त्याच्या माथी मारण्याचे कारण नाही. पण गादी तीच होती, पुणेही तेच होते.

म्हणून ‘स्वामी’ वाचू नका, असे मी विद्यार्थ्यांना सांगत नाही. ‘स्वामी’नंतर मुक्ताचा निबंध वाचा, एवढेच सांगतो. रसभंग होतो. होऊ द्यावा. आपल्या ऐतिहासिक कादंबरीला या रसभंगातूनच वाट काढायची आहे. तिची सुरुवात वेशीतल्या शेकोटीपाशी व्हावी. पण तिने केवळ अत्याचारांची यादी देऊ नये. येसकरही प्रेम करतो, आजारी पडतो, मरतो. त्याच्या मरणावरही कोणीतरी थंडीच्या रात्री गोधडीत रडले पाहिजे.