व्यवस्थापन-संशोधनातील पुराव्याचा प्रश्न : मुंबईच्या डबेवाल्यांवरील लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेत अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांना एक उदाहरण चांगलेच परिचयाचे आहे. गुणवत्ता व्यवस्थापन हा घटक शिकवताना मोटोरोला कंपनीत १९८६ च्या सुमारास विकसित झालेल्या 'सिक्स सिग्मा' पद्धतीची व्याख्या फळ्यावर लिहिली जाते. दहा लाख संधींमागे ३.४ पेक्षा अधिक दोष नसावेत, असा तिचा निकष आहे. त्यानंतर लगेच मुंबईच्या डबेवाल्यांचा दाखला दिला जातो. डोक्यावर पांढरी टोपी घालणाऱ्या, फारसे न शिकलेल्या, मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेल्या माणसांनी संगणकाविना जे साधले ते मोठमोठ्या कंपन्यांना साधले नाही, असे सांगताना अध्यापकाचा ऊर भरून येतो आणि विद्यार्थीही ते लक्षात ठेवतात.

डबेवाल्यांच्या कार्याविषयी आदर बाळगूनच प्रस्तुत लेखात एक प्रश्न उपस्थित केला आहे. हा दाखला ज्या आकड्यावर उभा आहे तो आकडा कोणी मोजला? या प्रश्नाचा मागोवा घेताना संघटनात्मक कार्यक्षमतेवरील संशोधनाच्या काही मूलभूत मर्यादा स्पष्ट होतात. त्या मर्यादा हार्वर्डपासून राजापूरच्या महाविद्यालयीन वर्गापर्यंत सर्वत्र आढळतात. म्हणून त्यांची चिकित्सा आवश्यक ठरते.

आकड्याचा उगम

डबे पोहोचविण्याचा हा व्यवसाय १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला, असे मानले जाते. संघटनेचे नोंदणीकृत रूप १९५६ साली 'नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट' या नावाने अस्तित्वात आले. तथापि व्यवस्थापनशास्त्राच्या जगात डबेवाल्यांचे नाव गेले ते ऑगस्ट १९९८ मध्ये 'फोर्ब्स ग्लोबल' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखामुळे. सुब्रत चक्रवर्ती हे त्या लेखाचे प्रमुख लेखक होते. संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष रघुनाथ मेदगे यांना चुका किती होतात असे विचारले असता, जवळजवळ कधीच नाही, फार तर दोन महिन्यांत एखादी, अशा आशयाचे उत्तर मिळाले. या उत्तरावरून लेखकाने गणित मांडले.

ते गणित पुन्हा करून पाहण्यासारखे आहे. त्या काळी सांगितली जाणारी डब्यांची संख्या रोज सुमारे १,७५,००० होती. दोन महिन्यांत कामाचे ४८ दिवस धरले, तर ८४ लाख डबे होतात. 'ऐंशी लाखांत एक चूक' हे प्रमाण येथून येते. घरून कार्यालयाकडे आणि कार्यालयातून घराकडे अशा दोन्ही फेऱ्या मोजल्या, तर ही संख्या १ कोटी ६८ लाखांवर जाते आणि 'एक कोटी साठ लाखांत एक' हा दुसरा प्रचलित आकडा सिद्ध होतो. 'साठ लाखांत एक' असेही अनेक ठिकाणी लिहिले जाते. एकाच संस्थेच्या चुकांचे तीन निरनिराळे दर प्रचारात असावेत आणि ते उद्धृत करणाऱ्या निबंधांना त्यात विसंगती जाणवू नये, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

महत्त्वाची बाब अशी की, या गणितातील छेद बराचसा विश्वासार्ह आहे. अंश मात्र एका अनुभवी व्यक्तीचा ढोबळ अंदाज आहे. 'एखादी' या शब्दाच्या जागी '१' हा अंक लिहिला गेला आणि अंदाजाला मापनाचे रूप आले. फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्माचे कोणतेही प्रमाणपत्र दिले नव्हते, तसेच आपण तो शब्दही वापरला नव्हता, असे चक्रवर्ती यांनी पुढे स्पष्ट केले. हे स्पष्टीकरण फारसे कोणाच्या वाचनात आले नाही. 'फोर्ब्सने सिक्स सिग्मा दर्जा दिला' हे वाक्य मात्र क्रमिक पुस्तकांत, संशोधन-निबंधांत आणि प्रकल्प-अहवालांत स्थिरावले.

मापनाच्या अटी

सिक्स सिग्माचा दावा करण्यासाठी तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात : दोष कशाला म्हणायचे, संधी किती मोजायच्या आणि नोंद कोणी ठेवायची. डबा दुसऱ्याच्या टेबलावर गेला तर तो दोष हे उघड आहे. पण तो अर्धा तास उशिरा पोहोचला तर? वाटेत सांडला तर? चोरीला गेला तर? २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीसारख्या दिवशी दुपारनंतर लोकल गाड्याच ठप्प झाल्या, तर परत न गेलेले डबे कोणत्या खात्यात टाकायचे? या प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय दर काढणे म्हणजे माप न ठरविता धान्य मोजण्यासारखे आहे.

आता या दाव्याची पडताळणी आपल्या नेहमीच्या पद्धतीने केली, तर काय हाती येईल ते पाहू. समजा, संशोधकाने १०० ग्राहकांची प्रश्नावली भरून घेतली आणि गेल्या वर्षभरात डबा एकदाही चुकला नाही, असे सर्वांनी सांगितले. प्रत्येकाचे वर्षाला सुमारे ३०० डबे धरले, तर एकूण ३०,००० डब्यांची माहिती मिळाली. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा नियम आहे. 'न' निरीक्षणांत एकही दोष आढळला नाही, तर ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की, दोषाचे प्रमाण 'न' भागिले ३ इतक्यांत एक किंवा त्याहून कमी आहे. म्हणजे येथे दहा हजारांत एक. हे प्रमाण दहा लाखांमागे १०० इतके होते. सिक्स सिग्माच्या मर्यादेच्या जवळजवळ तीसपट. दुसऱ्या शब्दांत, मुंबईत रोज सतरा डबे चुकत असते तरीही आपल्या या सर्वेक्षणाचा निष्कर्ष 'शंभर टक्के ग्राहक समाधानी' असा येऊ शकला असता. 'ऐंशी लाखांत एक' हा दर सिद्ध करावयाचा, तर एकही चूक न होता सुमारे २ कोटी ४० लाख डब्यांची नोंद हवी. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप डबेवाल्यांच्या प्रामाणिकपणावर नाही. पुराव्यापेक्षा मोठा दावा करण्याच्या आपल्या सवयीवर आहे.

यशाच्या प्रकाशात दिसणारी कारणे

या विषयावरील सर्वाधिक प्रतिष्ठित लेखन म्हणजे हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉमके यांनी मोना सिन्हा यांच्यासह २०१० साली सिद्ध केलेला प्रसंग-अभ्यास आणि त्यावर आधारित थॉमके यांचा 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'च्या नोव्हेंबर २०१२ च्या अंकातील लेख. सुमारे पाच हजार डबेवाले, रोज १,३०,००० हून अधिक डबे आणि दोन्ही फेऱ्या मिळून २,६०,००० हून अधिक व्यवहार, असे चित्र त्यात आहे. संघटन, व्यवस्थापन, प्रक्रिया आणि संस्कृती या चार आधारांवर थॉमके यशाची मांडणी करतात. लहान स्वायत्त गट, डब्यावरील साधी सांकेतिक खूण, गटातील राखीव माणसे, लोकलच्या वेळापत्रकाने आपोआप लागणारी शिस्त या गोष्टींचे त्यांचे वर्णन नेमके आणि उपयुक्त आहे. वर्गात शिकविण्यासाठी त्याचे मोल निश्चितच आहे.

अडचण येते ती कारणमीमांसेत. संस्था यशस्वी आहे हे आधीच ठाऊक असते. मग तिच्या अंगी जे जे गुण दिसतात ते सर्व यशाची कारणे ठरतात. डबेवाले वारकरी आहेत, एका भागातले आहेत, त्यांच्यात नातेसंबंध आहेत, म्हणून ते कार्यक्षम आहेत, असे म्हटले जाते. परंतु एकाच भागातून, एकाच नात्यागोत्यातून मुंबईत आलेल्या माणसांचे इतर किती व्यवसाय बंद पडले? कोकणातून गेलेल्या चाकरमान्यांचीही मुंबईत गाववार मंडळे होती, गावकीचा धाक होता, एकत्र राहण्याच्या खोल्या होत्या. त्यातून अशी सेवा का उभी राहिली नाही? अयशस्वी उदाहरण समोर ठेवल्याशिवाय यशाचे कारण सांगता येत नाही.

हा दोष नवा नाही. बॅरी स्टॉ यांनी १९७५ साली केलेल्या प्रयोगात काही गटांना त्यांची कामगिरी उत्तम झाली आणि काहींना ती वाईट झाली, असे प्रत्यक्ष कामगिरीशी संबंध न ठेवता सांगण्यात आले. 'उत्तम' ठरविलेल्या गटांतील सदस्यांनी आपल्या गटात एकोपा, संवाद व प्रेरणा अधिक असल्याचे नोंदविले. म्हणजे ज्यांना आपण कामगिरीची कारणे समजतो ती पुष्कळदा कामगिरीच्या बातमीची छाया असते. पीटर्स व वॉटरमन यांच्या १९८२ मधील 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' या गाजलेल्या ग्रंथातील काही आदर्श कंपन्या दोनच वर्षांत अडचणीत आल्याचे 'बिझनेस वीक'ने १९८४ साली दाखवून दिले होते. फिल रोझेनझ्वाइग यांनी 'द हेलो इफेक्ट' या २००७ च्या पुस्तकात या प्रकारच्या संशोधनाची सविस्तर झाडाझडती घेतली. तरीही 'नेतृत्व आणि संघटनात्मक कामगिरी यांचा सहसंबंध' अशा शीर्षकाच्या निबंधांत दोन्ही चलांची माहिती एकाच कर्मचाऱ्याकडून, एकाच दिवशी, एकाच पाच-बिंदू श्रेणीवर घेतली जाते आणि मिळालेला सहसंबंध शोध म्हणून मांडला जातो.

जे विचारलेच गेले नाही

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, लोकल सेवा सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि डबेवाल्यांचे काम थांबले. पुढे गाड्या सुरू झाल्या. परंतु घरून काम करण्याची पद्धत, बंद झालेली कार्यालये आणि भ्रमणध्वनीवरून जेवण मागविण्याची सोय यांमुळे पूर्वीचे ग्राहक परतले नाहीत. अनेक डबेवाले गावी गेले किंवा अन्य कामाला लागले. शतकाहून अधिक काळ टिकलेल्या व्यवस्थेचा हा संकोच समजून घेण्यासाठी आपल्याकडील विपुल व्यवस्थापन-साहित्यात फारसे काही सापडत नाही. त्यात चुकांचा दर आहे. पण उत्पन्नाची रचना, आजारपणाची तरतूद, निवृत्तीनंतरची स्थिती, तरुण पिढी या कामात का येत नाही, हे प्रश्न क्वचितच आहेत. कार्यक्षमता ग्राहकाच्या बाजूने मोजली गेली. डबा वाहणाऱ्याच्या बाजूने मोजली गेली नाही.

इटालियन मानववंशशास्त्रज्ञ सारा रोंकालिया यांचा 'फीडिंग द सिटी' हा ग्रंथ, ज्याचे इंग्रजी भाषांतर २०१३ साली प्रसिद्ध झाले, येथे वेगळा ठरतो. अन्न, जात, स्थलांतर आणि श्रम यांच्या संदर्भात त्यांनी डबेवाल्यांकडे पाहिले. आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण द्यावयाचे तर बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगाव येथील सहकारी साखर कारखान्याचा दीर्घ क्षेत्रीय अभ्यास करून १९८० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. संचालक मंडळ, गटबाजी आणि ऊस उत्पादक यांचे संबंध त्यांनी जवळून पाहिले. हे दोन्ही अभ्यास व्यवस्थापन विद्याशाखेबाहेरचे आहेत, ही बाब आपल्याला विचारात पाडणारी आहे.

आपल्या परिसरापुरते

ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकापाशी निधी नसतो, वेळ नसतो, ग्रंथालयही मर्यादित असते, हे मान्य करावे लागेल. त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने 'एपीआय' गुण आणले, २०१८ मध्ये 'केअर' यादीची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद करण्यात आली. मोजमापाचे नियम बदलत राहिले. मोजले गेले ते निबंध, त्यांतील पुरावा नव्हे. एका अर्थी आपल्या विद्याशाखेची कामगिरीही डबेवाल्यांच्या आकड्याप्रमाणेच ठरविली गेली : छेद पक्का, अंश अंदाजाचा.

तथापि स्थानिकतेचा एक मोठा लाभ आपल्याकडे आहे. राजापूर तालुक्यातून दर हंगामात हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात जातात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यावर 'समस्या व संधी' या धर्तीचे अनेक निबंध लिहिले गेले. पण डबेवाल्यांबाबत जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो येथे आपण विचारू शकतो : दोष म्हणजे काय आणि तो कोण मोजतो? फळातील साका बाहेरून दिसत नाही. तो कापल्यावर ग्राहकाला कळतो. दलालाकडून बागायतदाराला येणाऱ्या पट्टीत मात्र त्याची नोंद नसते, फक्त उतरलेला दर असतो. मालातील दोष, मागणीतील घट आणि मध्यस्थाचा निर्णय हे तिन्ही त्या एका आकड्यात मिसळलेले असतात. वीस बागायतदारांच्या पट्ट्या तीन हंगाम क्रमाने जमा केल्या, काढणीची तारीख, पेटीतील डझन, पोहोचण्याचा दिवस व मिळालेला दर नोंदविला, आणि प्रत्येक खेपेतील काही फळे कापून पाहिली, तर त्या तीन कारणांची फोड करण्याचा आरंभ तरी होईल. त्यासाठी परदेशी प्रतिमान लागत नाही. चिकाटी आणि बागायतदारांचा विश्वास लागतो.

निष्कर्ष

डबेवाल्यांवरील लेखनाच्या या चिकित्सेतून तीन मुद्दे हाती येतात. पहिला, उद्धृत केलेल्या प्रत्येक आकड्याचा मूळ स्रोत आणि त्यातील अंश-छेद तपासल्याशिवाय तो वर्गात वा निबंधात वापरू नये. दुसरा, कामगिरी आणि तिची कारणे यांची माहिती स्वतंत्र मार्गांनी घेतली पाहिजे व अयशस्वी उदाहरणांनाही अभ्यासात स्थान दिले पाहिजे. तिसरा, कार्यक्षमता कोणाच्या दृष्टीने मोजली जात आहे हे संशोधकाने स्पष्टपणे नमूद केले पाहिजे.

डबेवाल्यांचा दाखला अभ्यासक्रमातून काढून टाकण्याचे कारण नाही. उलट तो अधिक विस्ताराने शिकवावा. 'हे सिक्स सिग्माचे उदाहरण आहे' असे सांगण्याऐवजी 'हे सिक्स सिग्माचे उदाहरण आहे असे का म्हटले गेले आणि ते सिद्ध करण्यासाठी काय लागले असते?' असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर एका तासात त्यांना संख्याशास्त्र, संशोधनपद्धती आणि श्रमिकांच्या जीवनाचा परिचय एकत्रितपणे होईल. पुढच्या पिढीचे प्रकल्प-अहवाल त्यामुळे थोडे कमी पानांचे होतील. त्यांतील निष्कर्ष मात्र बागायतदाराला, दुकानदाराला किंवा पतसंस्थेच्या संचालकाला वाचून दाखविता येतील.