‘द सर्ज २’ : पराभव, पुनरावृत्ती आणि रसविघ्न

काव्य, नाट्य व चित्रपट यांच्या आस्वादाविषयी लिहिताना आपण एक गोष्ट गृहीत धरीत आलो आहोत : रसिक हा कृतीच्या बाहेर असतो. रंगभूमीवर नायकाचा घात झाला, तरी प्रेक्षकाचे आसन ढळत नाही. संगणकीय खेळाने हे गृहीतक मोडले आहे. येथे पडतो तो खेळणारा, आणि पडतो तो स्वतःच्याच चुकीने. अशा अनुभवास कलानुभव म्हणता येईल काय, या प्रश्नाचा विचार एका कृतीच्या आधारे येथे करावयाचा आहे.

ती कृती म्हणजे फ्रँकफर्टच्या ‘डेक१३’ या संस्थेने २०१९ मध्ये सादर केलेला ‘द सर्ज २’ हा विज्ञानकल्पित खेळ. २०१७ च्या ‘द सर्ज’चा हा उत्तरखंड. दुर्घटनेतून वाचलेला नायक जेरिको या नगरीत शुद्धीवर येतो. सूक्ष्मयंत्रांमुळे पसरलेल्या व्याधीने नगरी ग्रासली आहे. तिचे मार्ग रोखलेले आहेत आणि सत्ता शस्त्रधाऱ्यांच्या हाती आहे. अंगावर यांत्रिक सांगाडा चढवून नायकाने तेथून वाट काढावयाची आहे. खेळ कठीण आहे. पहिल्या काही तासांत खेळणारा वारंवार मरतो, आणि प्रत्येक मरणाबरोबर साठवलेले तांत्रिक भंगार, म्हणजेच या जगातील धन, जागीच सांडते. ते ठरावीक वेळेत परत मिळवावे लागते. न मिळाल्यास कायमचे जाते.

अभिनवगुप्ताने जी सात रसविघ्ने सांगितली आहेत, त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने व्यापलेला असेल, तर त्याचे चित्त नाट्यार्थावर स्थिर होत नाही. या कसोटीवर कठीण खेळ प्रथमदर्शनी अनुत्तीर्णच ठरावा. कारण सांडलेल्या धनाची हळहळ ही करुणाचा आस्वाद नव्हे, ती निव्वळ लौकिक चिडचीड होय. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. पहिल्या दहा पराभवांपुरता तो सर्वस्वी खराही आहे.

परंतु पुढे काय घडते ते पाहावे. उपचारकक्षात नायक पुन्हा उभा राहतो. तेच शत्रू त्याच जागी, त्याच हालचाली करीत पुन्हा भेटतात. जो आघात आधी केवळ दुर्दैव वाटत होता, त्याला आता आरंभ, विलंब आणि दिशा असल्याचे ध्यानात येते. उत्तरखंडात आघात ज्या दिशेने येतो त्याच दिशेने तो थोपवावा लागतो. दिशा दाखवणारे एक रोपण शरीरात बसवता येते; परंतु त्याने एक जागा अडते, म्हणून अनुभवी खेळणारा पुढे डोळ्यांवरच विसंबू लागतो. याचा परिणाम असा की, त्याचे लक्ष स्वतःच्या भयावरून निघून समोरच्याच्या खांद्यावर आणि पावलावर जाते. नाट्यगृहात या विघ्नाचा परिहार गीत, वाद्य आणि मंडपशोभा यांनी होतो, असे अभिनवगुप्त म्हणतो. म्हणजे तो उपाय कथावस्तूच्या बाहेरून येतो. येथे तो पुनरावृत्तीतूनच येतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगावयाचे, तर जे आरंभी केवळ विरोध म्हणून भासले, ते समतोलाच्या रूपाने प्रतीत होऊ लागते.

हे केवळ कौशल्य आहे, बुद्धिबळातही असेच होते, असे कोणी म्हणेल. उत्तर खेळाच्या आशयात आहे. शत्रूचा कोणता अवयव लक्ष्य करावयाचा, हे येथे खेळणारा ठरवतो. उघड्या अवयवावर घाव घातल्यास तो लवकर पडतो. चिलखत असलेला अवयव तोडणे कठीण, परंतु तो तोडला तरच त्या चिलखताची घडण हाती येते. म्हणजे प्रत्येक झुंजीत सुरक्षितता आणि लोभ यांमध्ये निवड करावी लागते. उपचारकक्षाकडे न वळता पुढे जात राहिल्यास मिळणारे भंगार वाढत जाते, तोही लोभच. बुद्धिबळातील प्यादे जिंकल्याने खेळणाऱ्याची हाव उघडी पडत नाही. येथे पराभवाचे कारण शोधताना ती वारंवार उघडी पडते. हे आत्मज्ञान लौकिक सुखदुःखाच्या पलीकडचे आहे, म्हणूनच त्यास कलेच्या प्रांतात स्थान द्यावे लागते.

खेद याचाच की कथानकाने या आशयाची दखल घेतलेली नाही. पूर्वखंडाचा नायक वॉरन चाकांच्या खुर्चीतून कारखान्यात येतो. शुद्धीत असतानाच यंत्र त्याच्या देहात ठोकले जाते, आणि तो उभा राहतो. देहाची किंमत देऊन मिळालेली ही शक्ती पुढील प्रत्येक घावास अर्थ देत होती. उत्तरखंडाचा नायक खेळणाऱ्याने घडवावयाचा आहे. त्याला चेहरा आहे, भूतकाळ नाही. हा नायक इतरांचे अवयव तोडून स्वतःस घडवतो, ही भयंकर गोष्ट कथेत कोणालाच खटकत नाही. नगरीची रचना मात्र, दूर भटकून आल्यावर अचानक उघडणारे दार पुन्हा ओळखीच्याच उपचारकक्षाशी आणून सोडते तेव्हा, कथेपेक्षा अधिक बोलते.

तात्पर्य, ‘द सर्ज २’ घाटाच्या दृष्टीने पूर्वखंडाहून प्रगल्भ आणि कथेच्या दृष्टीने दुबळा आहे. आपल्या शास्त्रापुढे त्याने ठेवलेला प्रश्न मात्र मोलाचा आहे. रसविघ्न हे नेहमी दूर सारावयाचे असते, असे आपण मानत आलो. ज्या कलेत विघ्न हेच आस्वादाचे द्रव्य होते, तिच्यासाठी साधारणीकरणाची कल्पना नव्याने तपासावी लागेल. ते काम खेळाला हिणवून होणार नाही, तसेच तो न खेळताही होणार नाही.