‘कोमल’ पाहून झाल्यावर

‘कोमल’ हा चाइल्डलाइन संस्थेचा छोटा अ‍ॅनिमेशनपट अनेक शाळांत दाखवला जातो. सात वर्षांची कोमल, शेजारी राहायला आलेले बक्षीकाका, आणि त्यांच्या लाडाचं बदलत जाणारं रूप. त्रास देणारा माणूस अनोळखी नसून घरात ये-जा असलेला असू शकतो, हे मुलांना न घाबरवता सांगणं ही या चित्रपटाची मोठी जमेची बाजू. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ सालच्या पाहणीतही छळ करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले निघाले होते.

मात्र नंतर वर्गात जे उरतं ते आम्हाला अपुरं वाटतं. उरतं ते एक सूत्र: चांगला स्पर्श, वाईट स्पर्श, ‘नाही’ म्हणा, ओरडा, पळा, सांगा. ही चारही कामं मुलाचीच! मग मोठ्यांनी काय करायचं?

पहिली अडचण ‘वाईट’ या शब्दाची. खाऊ, गुदगुल्या, खेळ यांतून सुरू झालेला स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असं नाही. मग ते चूक स्वतःचीच मानतं. भीतीने अंग गोठणं ही शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. ज्याला ओरडता आलं नाही, त्याला हे सूत्र नापास करतं. त्यापेक्षा नियम सांगावा: स्वच्छता आणि औषधोपचार सोडून खासगी अवयवांना कुणी हात लावायचा नाही, आणि स्पर्शाचं गुपित ठेवायचं नाही. त्यासाठी अवयवांची नावं मुलांना यायला हवीत. पुंकेसर-स्त्रीकेसर फळ्यावर लिहिणारे आपण इथेच का अडखळतो?

दुसरी अडचण मुलग्यांची. त्याच पाहणीत लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे अधिकच होते. ‘कोमल’ पाहताना मुलग्यांना हा प्रश्न मुलींचाच वाटतो. दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याआधी विचारायचं असतं, हेही त्यांच्याशी बोलायचं राहून जातं.

तिसरी गोष्ट सरावाची. ‘मावशीला पापी दे’ म्हटल्यावर मुलानं अंग चोरलं की आपण हसतो. वर्गात सहज गाल ओढतो. एरवी ज्या ‘नाही’ला किंमत नाही, तो संकटात कुठून येणार?

म्हणून चित्रपट जरूर दाखवावा, पण त्याआधी शिक्षकांनी स्वतःची तयारी करावी. एखादं मूल बोलायला आलं, तर आधी ऐकून घ्यावं. ‘सांगितलंस हे बरं केलंस, चूक तुझी नाही,’ असं म्हणावं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नये, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील मुलावरचा असा गुन्हा कळल्यास पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं आहे. शाळेची अब्रू हे गप्प बसण्याचं कारण होऊ शकत नाही. १०९८ या क्रमांकावर मदत मिळते.

मुलांना ‘सांगा’ असं आपण शिकवतो. ऐकणारं माणूस तयार करणं हा धड्याचा उरलेला अर्धा भाग, आणि तो आपला आहे.