देखरेख आणि पाळत

निकालपत्रें वाङ्मय म्हणून वाचण्याची चाल आपल्याकडे नाहीं. तीं वकिलांनीं वाचावींत आणि इतरांनीं वर्तमानपत्रांतील सारांशावर समाधान मानावें, असा शिरस्ता आहे. परंतु स्ट्रासबूर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें एकाच नोकराच्या एकाच तक्रारीवर २०१६ व २०१७ सालीं दिलेलीं दोन निकालपत्रें आम्हीं लागोपाठ वाचलीं. आणि तीच हकीकत दोन हातांनीं सांगितली असतां तिचा अर्थ कसा पालटतो, हें वाचकांपुढें ठेवण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं.

हकीकत थोडक्यांत अशी. बुखारेस्ट येथील एका खाजगी कंपनींत एक विक्री-अभियंता २००४ पासून नोकरीस होता. गिऱ्हाइकांच्या चौकशांना उत्तरें देण्यासाठीं मालकाच्याच सांगण्यावरून त्यानें याहू मेसेंजरवर खातें उघडलें. १३ जुलै २००७ रोजीं त्याला बोलावून, यंत्राचा खाजगी कामासाठीं उपयोग केला, असा ठपका त्याजवर ठेवण्यांत आला. आपण तें खातें केवळ कचेरीच्या कामासाठीं वापरलें, असें त्यानें लेखी कळविलें. त्यावर ५ ते १३ जुलै या दिवसांत नोंदून ठेवलेल्या त्याच्या संभाषणांची ४५ पानांची नक्कल पुढें आली. भाऊ आणि वाग्दत्त वधू यांच्याशीं झालेलीं तीं बोलणीं होतीं. कांहीं तर अतिशय खाजगी. १ ऑगस्टला त्याची नोकरी गेली, आणि रुमानियाच्या दोन न्यायालयांनीं मालकाचीच बाजू उचलून धरली.

पहिलें निकालपत्र १२ जानेवारी २०१६ चें. सातांपैकीं सहा न्यायाधीशांनीं नोकराच्या विरुद्ध मत दिलें. या कथनाचा सांधा नोकराच्या त्या असत्य उत्तरावर बसविलेला आहे. पत्रव्यवहार कामाचाच आहे असें त्यानें म्हटलें. मालकानें तो कामाचा समजून उघडला. मग यांत वावगें काय? युक्तिवाद गुळगुळीत आहे खरा, पण कालक्रमापुढें टिकत नाहीं. नोंद ५ तारखेपासून चालू होती, उत्तर १३ तारखेचें. शिवाय खाजगी उपयोगाचा ठपका ज्यानें आधीं ठेवला, त्यानेंच मागाहून 'आम्ही मजकूर कामाचा समजलों' म्हणावें, हें एखाद्या कच्च्या कादंबरींत खपलें नसतें. न्यायालयाच्या लेखणीनें तें खपवून घेतलें, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें.

दुसरें निकालपत्र ५ सप्टेंबर २०१७ चें. सतरा न्यायाधीश बसले आणि अकरा विरुद्ध सहा मतांनीं निकाल फिरला. येथें लेखकाची दृष्टि नोकराच्या उत्तरावरून निघून मालकाच्या कागदांवर स्थिरावते, आणि हेंच या निकालपत्राचें खरें वैशिष्ट्य. कंपनीच्या नियमावलींत संगणक, टेलिफोन, टेलेक्स, फॅक्स यांचा खाजगी वापर निषिद्ध होता. मात्र मालक नोकरांचीं बोलणीं पाहील, असा एक शब्दही तींत नव्हता. ३ जुलैला एक नोटीस फिरविण्यांत आली. खाजगी वापराबद्दल एका नोकराला काढून टाकल्याचें सांगून, मालक कामावर लक्ष ठेवील आणि दोषी इसमास शासन करील, असा दम तींत उद्गारचिन्हांसह भरलेला आहे. फिर्यादीनें तिच्यावर सही केली. पण कोणत्या दिवशीं? ३ आणि १३ यांच्यामध्यें केव्हां तरी, एवढेंच कागदांवरून ठरतें. पाहणी सुरू होण्यापूर्वीं त्याला तिची कल्पना होती काय, हा सर्व खटल्याचा प्राण. आणि देशांतील न्यायालयांनीं तोच तपासला नाहीं.

आपल्या भाषेंत यासाठीं दोन शब्द आहेत. देखरेख कामावर असते, पाळत माणसावर. मुकादम भिंत सरळ चढते आहे कीं नाहीं हें पाहतो, ती देखरेख. गवंडी विसाव्याच्या वेळीं कोणाशीं काय बोलला हें तो टिपूं लागला, कीं ती पाळत झाली. त्या नोटिशींत शब्द देखरेखीचे होते, कृति पाळतीची घडली. न्यायालयानें हे दोन शब्द अर्थातच वापरले नाहींत. पण संदेशांचें येणेंजाणें पाहणें निराळें आणि मजकूर वाचणें निराळें, आणि वाचावयाचेंच तर कारण अधिक भक्कम हवें, हा भेद त्यानें स्पष्ट मांडला. कचेरीच्या हुकुमानें तेथील खाजगी सामाजिक जीवन शून्यावर आणतां येत नाहीं, हें त्याचें विधान तर आम्हांस दोन्ही निकालपत्रांत सर्वांत मोलाचें वाटतें. देशांतील न्यायालयांनीं न्याय्य तोल सांभाळला होता, असें भिन्न मताच्या सहा न्यायाधीशांचें म्हणणें. तें आम्हांस पटलें नाहीं.

तथापि एक उणीव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कसोट्यांच्या मालिकेंत पूर्वसूचनेला पहिलें स्थान मिळालें, आणि सूचना ही मालकाला सर्वांत स्वस्त पडणारी कसोटी आहे. एक कागद, एक सही. न्यूयॉर्क राज्याचा ७ मे २०२२ पासूनचा कायदा तर येथेंच थांबतो: नोकरीवर घेतांना लेखी सूचना द्यावी, पोच घ्यावी, सूचना दिसेल अशी लावावी. किती पाहावें, याविषयीं तो मुका आहे. सही करावयाची नसेल त्यानें काय करावें, हें कोणींच लिहीत नाहीं. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, म्हणजे या निकालाच्या अवघे बारा दिवस आधीं. परंतु २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याचें सातवें कलम उघडावें, तों नोकरीच्या कारणासाठीं आणि मालकाचें नुकसान टाळण्यासाठीं नोकराच्या संमतीवांचून त्याची माहिती हाताळण्याची मोकळीक तेथें दिलेली आढळते. स्ट्रासबूर्गच्या निकालांतला मजकूर आणि येणेंजाणें यांमधील भेद त्या कलमांत आम्हीं शोधला, तो नाहीं.

त्या अभियंत्यास न्यायालयीन खर्चापोटीं १,३६५ युरो मंजूर झाले. मनस्तापाबद्दल कांहीं नाहीं. हक्काचा भंग झाला असें ठरणें हीच पुरेशी भरपाई, असें न्यायालयास वाटलें. नोकरी जाऊन तोंवर दहा वर्षें होऊन गेलीं होतीं.