चाळणीतून आलेले शब्द

'डिस्क्रीट' हा उच्चार कानावर पडला की इंग्रजीत दोन शब्द एकदम उभे राहतात आणि त्यांतली निवड कानाला करता येत नाही, ती डोळ्यांनी करावी लागते. एकाचा अर्थ सुटासुटा, अलग. दुसऱ्याचा अर्थ कुठे बोलावे नि कुठे मौन पाळावे याचे भान असलेला. भान बाळगणाऱ्या शब्दात दोन 'ई' एकमेकींना बिलगून बसलेल्या असतात, तर दुसऱ्यात त्यांच्या मधोमध 'टी' येऊन उभा राहतो. आपण इथे क्षणभर थांबावे. सुटेपण सांगणाऱ्या शब्दाने आपल्या दोन 'ई'सुद्धा सुट्या केल्या आहेत! शिक्षक ही खूण पाठांतरासाठी सांगतात. मला ती उपयोगापेक्षा शोभेसाठीच अधिक आवडते.

आणि गंमत अशी की ही दोघे एकाच आईची लेकरे. ज्या लॅटिन क्रियापदातून ती जन्मली, त्याच्या पोटात चाळण्याचा, चाळून वेगळे काढण्याचा अर्थ दडलेला आहे. जे वेगळे निघाले ते सुटे. ज्याला वेगळे काढता येते तो सुज्ञ. आता आपला 'विवेक' आठवून पाहा. त्यातल्या 'विच्' धातूचा अर्थही वेगळे करणे, पाखडणे असाच आहे. शहाणपणाला नाव देताना रोमनांच्या हाती चाळणी होती आणि संस्कृतच्या हाती सूप, या योगायोगाचा आनंद कितीही वेळ चघळावा असा आहे.

चाळणीचा विषय निघालाच आहे, तर इंग्रजीतल्या फुलाकडे आणि पिठाकडेही वळू. उच्चार एकच, लेखन निराळे. पण मुळात तेही एकच होते. धान्य दळून, कोंडा चाळून जो सर्वांत मऊ, सर्वांत उत्तम भाग हाती येई, त्याला जुन्या इंग्रजांनी धान्याचे 'फूल' म्हटले. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशातही पिठाला स्वतंत्र लेखन नाही. घरात पिठाच्या डब्यावर आणि बागेत वाफ्यावर एकच अक्षरे शोभत होती. (आपल्याकडे फ्लॉवर म्हणजे थेट भाजी, हा आणखी निराळाच बहर!)

'स्टेशनरी'ची कथा त्या मानाने लहान. गावोगाव हिंडणाऱ्या विक्रेत्यांच्या काळात जो एका जागी दुकान मांडून पुस्तके विकत असे, तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये अशांचा संघ १४०३ साली उभा राहिला. त्याच्या नावातला 'ई' कागद-लेखणीच्या शब्दात उतरला आणि नुसत्या स्थिरतेच्या वाट्याला 'ए' आला. दीन आणि दिन यांत वेलांटीवरून होणारी गफलत परिचयाची असलेल्या आपल्याला हा बारकावा परका वाटू नये. मराठीने मात्र या जोडीतला दुकानदारच तेवढा घरात घेतला. स्थिर राहण्यासाठी आपल्याकडे शब्दांची वाण कधीच नव्हती.