हाटातील वस्तू आणि गिऱ्हाइकाची पारख

संस्कृत ‘हट्ट’ या शब्दापासून आलेला ‘हाट’ जुन्या मराठीस चांगला परिचित होता. पुढे ‘बाजार’ या फारसी शब्दाने त्याची जागा घेतली आणि ‘हाट’ कोशांत व काही जोडशब्दांत तेवढा उरला. १९९४ साली राजधानीत ‘दिल्ली हाट’ सुरू झाला. त्याच धर्तीवर केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्याने अन्य शहरांतही ‘अर्बन हाट’ उभे राहिले, आणि त्यांपैकी एक सिडकोने नवी मुंबईत, सी. बी. डी. बेलापूर येथे वसविला. अशा रीतीने आपलाच एक शब्द हिंदी आणि इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे परत आला. परतताना त्याचा अर्थ मात्र आकसला. जुन्या हाटात मीठ, मिरची, मडकी, घोंगड्या आणि गुरे एकाच पटांगणात विकली जात. नव्या हाटात मुख्यतः ‘हस्तकला’ आणि ‘हातमाग’ या दोन शासकीय वर्गांत बसणाऱ्या वस्तू येतात. या वस्तूंची समीक्षा कोणत्या निकषांनी करावी आणि ती आज जवळजवळ होत का नाही, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

हस्तकलांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात गौरव असतो किंवा विलाप असतो. दोषदिग्दर्शन क्वचितच आढळते. याचे मूळ बरेच जुने आहे. मुंबईच्या भायखळ्यातील संग्रहालयाशी निकटचा संबंध असलेल्या जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० साली हिंदी कारागिरीवर ग्रंथ लिहिला आणि खेड्यातील कारागीर हा यंत्रयुगातील मजुराच्या विरुद्ध टोकास उभा केला. आनंद कुमारस्वामींच्या १९०९ मधील पुस्तकाने त्या चित्रास तत्त्वज्ञानाची बैठक दिली. आपल्याकडे त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त याच कारागिराचे अगदी निराळे रूप दाखविले. वतनाच्या आधाराने जगणारा बलुतेदार कामात हयगय करतो आणि त्याचा भार कुणब्यावर पडतो, ही आत्र्यांची तक्रार आहे. कुमारस्वामींच्या शेजारी ठेवून आत्रे वाचले म्हणजे मोहाचा पुष्कळसा भाग गळून पडतो. तथापि दोघांचेही लक्ष मुख्यतः करणाऱ्याकडे आहे. घेणाऱ्याच्या अंगी असलेली पारख, म्हणजे वस्तू हाती घेऊन तिच्यातील खोट सांगण्याची शक्ती, ही त्या वस्तूच्या घडणीस तितकीच कारणीभूत असते, याचा विचार फारसा झालेला नाही.

सुपाचे उदाहरण घेऊ. सूप विकत घेणारी बाई ते उजेडाकडे धरून विणीतील फटी पाहते, कड दाबून बांधणी पाहते, आणि जमल्यास ओंजळभर दाणे घालून दोनदा पाखडून पाहते. दाणा मागे राहून फोल पुढे सरकले पाहिजे. ते सरकले नाही तर तळाचा उतार चुकला आहे, हे तिला बुरुडाइतकेच कळते. मडक्यावर टिचकी मारून नाद ऐकणे हाही असाच प्रकार. ही परीक्षा रोजच्या वापरातून आलेली असते. तिला आणखी एक आधार होता, तो म्हणजे आठवड्याचा बाजार. विकणारा आठ दिवसांनी त्याच जागी बसणार असल्यामुळे उसवलेले सूप त्याच्यापुढे पुन्हा येऊन पडण्याची धास्ती असे.

नव्या हाटाच्या रचनेत नेमकी हीच धास्ती नाही. दिल्ली हाटात कारागिरांना गाळे साधारणपणे पंधरा दिवसांच्या मुदतीने आळीपाळीने दिले जातात. बेलापूरसारख्या ठिकाणच्या प्रदर्शनांची मुदतही अशीच थोड्या दिवसांची असते. अधिकाधिक कारागिरांना संधी मिळावी हा या योजनेचा हेतू स्तुत्य आहे, आणि मधला व्यापारी वगळला जातो हा लाभही खरा आहे. परंतु पंधरवडा संपला की करणारा आपल्या गावी आणि घेणारा आपल्या सदनिकेत. दोघांची पुन्हा गाठ पडणे जवळजवळ अशक्य. तक्रारीला परतीची वाटच नाही. शिवाय घेणारा ती वस्तू बहुधा भिंतीवर लावणार किंवा भेट म्हणून देणार असतो. जी वस्तू वापरावयाची नाही तिच्यातील खोट कळणार कशी? गाळ्यासमोर ‘किती सुंदर!’ हे उद्गार पुष्कळ ऐकू येतात. ‘ही कड नीट बसलेली नाही’ हे वाक्य ऐकू येत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. ज्या पारखीची ही स्तुती चालली आहे ती जातिव्यवस्थेत रुजलेली होती. वहाणेत खोट काढणारा गावचा प्रतिष्ठित माणूस ती करणाऱ्या चर्मकाराला उंबऱ्याबाहेर उभा करून खोट काढीत असे. रोख पैसा देणाऱ्या, जात न विचारणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाने कारागिराला जे स्वातंत्र्य दिले त्याचे मोल थोडे नाही, आणि त्या उंबऱ्याशी परत जाण्याची इच्छा कोणी करू नये. प्रश्न एवढाच की अधिकाराशिवाय पारख असू शकते की नाही. असू शकते, असे आमचे मत आहे. साहित्याचा आश्रयदाता राजा गेला म्हणून साहित्याची समीक्षा थांबली नाही.

कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत ही उणीव नजरेत भरते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या साहाय्याने कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, बाजूचे कान, वर वेणी: या घडणीत प्रत्येक अंगाची स्वतंत्र परीक्षा आहे. माप देऊन करून घेतलेली चपल पायाशी हळूहळू जुळत जाई. ठरावीक आकड्यांच्या मापांत ती गोष्ट राहत नाही. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीची व्याप्ती बैल-वळूंपर्यंत वाढल्यानंतर कच्च्या मालाचाही प्रश्न बिकट झाला. २०१९ साली या चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांस मिळून. पुढे जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन पेढीने मिलान येथे तशीच पादत्राणे मांडली तेव्हा वृत्तपत्रांत मोठा क्षोभ उसळला. तो क्षोभ योग्यच होता. पण सारा वाद मालकीचा झाला, घडणीचा झाला नाही. मिलानची चपल चपल म्हणून कशी होती, तिची शिवण कोणत्या जातीची, कान कोठे बसविले होते, याची चर्चा जवळपास कोठेच दिसली नाही.

मानांकनाविषयी एक शब्द. १९९९ चा कायदा २००३ पासून अमलात आला आणि त्याने नकलेविरुद्ध एक साधन दिले. पण मानांकन वस्तूचे कूळ सांगते. या विशिष्ट हाताने केलेले हे विशिष्ट काम चांगले की सुमार, हे ते सांगत नाही. पैठणीचा पदर उलटून पाहणाऱ्या स्त्रीला चिठ्ठीची गरज नसते. हातमागावर गुंफणीने विणलेली नक्षी दोन्ही अंगांनी जवळपास सारखी दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. येवल्यातील विणकरास हे ठाऊक आहे, आणि एके काळी लग्नाच्या खरेदीस जाणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या बाईलाही ठाऊक असे. आता चिठ्ठी पाहिली जाते, पदर उलटला जात नाही.

सर्वांत उद्बोधक उदाहरण वारली चित्रांचे आहे, कारण तेथे एकाच रूपाच्या तीन अवस्था आपल्यासमोर आहेत. पहिली अवस्था लग्नाच्या चौकाची. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहीत, मध्ये पालघाट देवी. धवलेरी गात असे. (आगरी लग्नांत धवले गाणारी धवलारीण हिचीच बहीण शोभावी, बेलापूरच्या आसपासच्या गावांत या गीतांचा अभ्यास अजून पुष्कळ करण्याजोगा आहे.) चौक नीट उतरला की नाही हे जाणणाऱ्या बायका त्याच घरात बसलेल्या असत, आणि काम झाल्यावर ते चित्र टिकावे अशी कोणाची अपेक्षाही नसे. दुसरी अवस्था कागदाची. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी डहाणू परिसरात कागद घेऊन गेले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्या कागदावर जे केले ते चौकाची नक्कल मुळीच नव्हते. म्हसे यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळ्याची बारीक रेघ साऱ्या कागदभर पसरते आणि तीच चित्राची गती ठरविते. अशी रचना लग्नाच्या भिंतीवर संभवत नव्हती. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. विधी सुटला म्हणून कला भ्रष्ट झाली, असे म्हणणाऱ्यांना म्हसे यांचे एक चित्र पुरेसे उत्तर आहे. तेथे पारखी बदलला, पारख गेली नाही.

तिसरी अवस्था हाटातल्या पिशवीची, पेल्याची आणि उशीच्या अभ्र्याची. यांवर सर्वाधिक दिसणारे दृश्य तारपा-नाचाचे. प्रत्यक्ष नाचात नाचणाऱ्यांची साखळी तारपा वाजविणाऱ्याच्या मागोमाग वळते, त्याच्याकडे पाठ होऊ देत नाही. म्हणून मूळ रेखाटनात ती सर्पिल आणि एका टोकास मोकळी असते, आणि वादक त्या गतीचा केंद्र असतो. पिशवीवर पुष्कळदा साखळी बंद वर्तुळ होते आणि वादक कोपऱ्यात रिकामी जागा भरण्यापुरता उरतो. त्रिकोण तेच, रंग तेच. नाच मात्र थांबलेला. ही चूक हाताने काढलेल्या पिशवीवरही असते आणि छापलेल्या पिशवीवरही. म्हणून ‘हस्तनिर्मित’ हा शब्द येथे काहीच सिद्ध करीत नाही. २०१४ चे वारली चित्रांचे मानांकनही ही चूक पकडू शकत नाही. ती पकडावयाची तर पाहणाऱ्यास नाच ठाऊक पाहिजे, किंवा कोणी तरी तो समजावून दिला पाहिजे. समीक्षकाचे काम येथे सुरू होते.

आता हाटाच्या बाहेर पाहू. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडील नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या गेल्या. ती गावे मुख्यतः आगरी, कोळी आणि कराडी लोकांची. आगरी हे नावच मिठागरांच्या ‘आगरा’वरून आले आहे, अशी समजूत आहे. खडे मीठ, सुके बोंबील, सोडे, जवळा, हारे, डालगी, विणलेली जाळी, ही या भूमीची हातची उत्पादने. ‘हस्तकला’ या वर्गात त्यांपैकी फारच थोडी बसतात. गंमत अशी की पारख जिवंत आहे ती तेथेच. कोळिणीच्या टोपलीशी बसलेले गिऱ्हाईक सोडा मोडून पाहते, वास घेते, वाळवण कमी पडले म्हणते, आणि कोळीण त्याला सव्याज उत्तर देते. या संभाषणात परस्परांविषयी जो आदर आहे तो हाटातल्या कौतुकात नाही.

त्याच बेलापुरात कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात बांधलेली, ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ या नावाने ओळखली जाणारी वसाहत आहे. सात-सात घरांचे चौक, एकाही घराची भिंत सामायिक नाही, आणि साध्या गवंड्याला मालकाच्या सांगण्याप्रमाणे वाढविता येईल अशी घरे, ही त्यामागील योजना होती. यांतील अनेक घरे पुढे पाडून त्यांच्या जागी काँक्रीटची मोठी घरे उभी राहिली. वास्तुविशारदांना याचा खेद होतो. परंतु तेथे काम सांगणारा आणि करणारा समोरासमोर होते, आणि सांगणाऱ्याने आपली आवड स्पष्ट सांगितली. ती आपल्याला रुचत नसेल तर तिच्याशी वाद घालता येतो. पिशवी घेऊन निघून गेलेल्या गिऱ्हाइकाशी वाद घालावयास जागाच नसते.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे असे एक काम यातून सुचते. कारागिरांची माहिती शासनाने आणि इतरांनी पुष्कळ गोळा केली आहे; गिऱ्हाइकांची भाषा कोणी गोळा केलेली नाही. पनवेल, पेण आणि उरण या भागांत सूप, रोवळी, इरले, मडके, जाळे विकत घेताना बायका-पुरुष कोणते शब्द वापरतात, वीण ‘झिरझिरीत’ आहे म्हणजे काय, नाद ‘बद’ येतो म्हणजे काय, कोणत्या खोटीवर किंमत उतरते आणि कोणत्या खोटीवर वस्तू परतच केली जाते, याची नोंद बाजारात उभे राहून करावी लागेल. इरले पावसात वापरणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत, तेव्हा प्रारंभ तेथून करावा.